सक्तीची रजा

चॉकलेटच्या डब्यावरून मॅडमनी रिसेप्शनवरच्या मुलीला जे ऐकवलं, ते ऑफिसात अजूनही चवीनं सांगितलं जातं. कोणा ग्राहकानं खूश होऊन डबा दिला होता. मुलीनं तो फोडून चार जणांना वाटला आणि मग भाबडेपणानं एक चॉकलेट घेऊन ती मॅडमच्या टेबलाशी गेली. मॅडमनी चॉकलेट घेतलं नाही. त्यांनी तिला समोर बसवलं, भेटवस्तूंचा नियम मोठ्यानं वाचून दाखवला, डब्याची अंदाजे किंमत आणि खाणाऱ्यांची नावं लिहून घेतली आणि उरलेला डबा ग्राहकाला परत पाठवला. अर्धा रिकामा डबा हातात पडल्यावर त्या भल्या माणसाला काय वाटलं असेल, याबद्दल नियमात काही नव्हतं.

तेव्हापासून मॅडमचं नाव नकारघंटा पडलं. तोंडावर अर्थातच सगळे मॅडम म्हणायचे.

लोकांची बचत घेऊन ती निरनिराळ्या योजनांत गुंतवणारी ही कंपनी. मॅडम तिथे कंप्लायन्सला होत्या, म्हणजे नियम पाळले जातात की नाही ते बघायला. त्यांच्या सासूबाईंना हे काम कधीच नीट उमगलं नाही.

"पैसे घेत नाहीस, देत नाहीस, मग दिवसभर करतेस तरी काय?" त्या विचारायच्या.

"बाकीचे नीट वागतायत का ते बघते, आई."

"आणि नाही वागले तर?"

"तर त्यांना सांगते."

"एवढ्याचा पगार देतात? मी तर घरात हे फुकट करते."

मॅडम हसण्यावारी न्यायच्या. पण सासूबाईंनी पुढचा प्रश्न विचारला असता, की सांगितल्यावर ते ऐकतात का, तर सून जरा अडचणीत आली असती.

प्रत्येक नव्या ग्राहकाची एक फाइल असायची आणि तिच्यात काही प्रश्न असायचे. वय काय, उत्पन्न कुठून येतं, पैसे बुडाले तर कितपत सोसेल. विक्रीच्या माणसानं हे प्रश्न ग्राहकाला समोर बसवून विचारायचे, असा नियम. विक्रीच्या माणसांना एवढी फुरसत कुठली? ते ग्राहकाची सही तेवढी घ्यायचे आणि उत्तरं परतीच्या वाटेवर गाडीत बसून स्वतःच ठोकून द्यायचे. त्यामुळे कंपनीच्या कागदोपत्री ऐंशीच्या घरातल्या आजीबाई भलत्याच धाडसी निघायच्या. सगळं बुडालं तरी हरकत नाही, यावर त्यांनी बिनदिक्कत खूण केलेली असायची. अशी फाइल पकडायची, खाली विक्रीच्या मजल्यावर परत पाठवायची आणि उल्लंघन म्हणून मोजायची, हे मॅडमचं काम. तो आकडा दर तीन महिन्यांनी संचालकांपुढे जायचा आणि तिथून सरकारी तपासनिसांकडे.

पहिल्या वर्षी मॅडमनी इमानेइतबारे फाइली परत पाठवल्या. अगदी ढिगानं. मग मोठ्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि वडीलकीच्या सुरात सांगितलं, "चुका काढणारी माणसं पैशाला पासरी मिळतात, मॅडम. मला वाट काढणारं माणूस हवंय." त्या वर्षीची बढती शेजारच्या खोलीतल्या गृहस्थांना मिळाली. त्यांनी एकही फाइल परत पाठवली नव्हती, कारण एकही उघडली नव्हती. मॅडम घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाट काढली.

वाट तशी साधी होती. जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली उतरले की मॅडम आपल्या खोलीचं दार लोटून घ्यायच्या आणि ज्या फाइलींत थापा दिसतील त्यांतल्या ग्राहकांना स्वतः फोन लावायच्या. सगळे प्रश्न पहिल्यापासून विचारायच्या. योजना समजावून सांगायच्या. ग्राहक घाबरला तर त्याला दुसरी, सुरक्षित योजना सुचवायच्या. मग फाइलीत खरी उत्तरं भरायच्या आणि फाइल पहिल्यापासूनच निर्मळ होती अशा थाटात पुढे सरकवायच्या. फोन ठेवण्यापूर्वी त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं: "काही समजलं नसेल किंवा पटलं नसेल, तर सरळ नाही म्हणा. लाजू नका."

या फोनांची त्यांना गोडी लागली, हे कबूल करायला हवं. एक लिफ्टवाले आजोबा होते. जन्मभर त्यांनी इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या आणि आता थोडे थोडे पैसे साठले की ते कंपनीत टाकायचे. दर खेपेला विक्रीचा माणूस त्यांना धाडसी ठरवायचा आणि दर खेपेला मॅडम फोन करायच्या.

"भाव खाली येऊ शकतात बरं का, आजोबा."

"मला सांगता? वर गेलेलं खाली येतंच, त्याच्यावर तर माझं पोट चाललं. मला फक्त मधे अडकायला नको."

दिवसभरात तेवढ्याच वेळात मॅडमना वाटायचं, की आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतोय. डबा तसाच राहायचा. भूक लागल्याचंही कळायचं नाही.

आणि आकडा? आकडा भोपळा. तिमाहीमागून तिमाही उल्लंघनं शून्य. संचालक टाळ्या वाजवायचे, तपासनीस मान डोलवायचे, मोठे साहेब पाहुण्यांना सांगायचे, "आमच्याकडे कंप्लायन्स रक्तात आहे." मॅडमना एक बढती मिळाली, मग दुसरी मिळाली. शाळेत भोपळा मिळाला की कान पिळतात, इथे खुर्ची मिळायची. एकाही ग्राहकाचं नुकसान झालं नाही, असं मॅडम स्वतःला सांगायच्या, आणि ते खरं होतं. पण विक्रीच्या मजल्यावर तोवर सगळ्यांना पुरतं कळून चुकलं होतं, की फाइलीत काहीही खरडलं तरी ती वरून धुऊन येते. विक्रीप्रमुख कायम दात दाखवत हिंडायचे म्हणून त्यांना सगळे हसरे साहेब म्हणत. ते नव्या पोरांना सांगायचे, "प्रश्नांवर वेळ घालवू नका रे. वर सोय आहे."

म्हणजे बघा, चॉकलेट वाटणाऱ्या मुलीला सुनावलं, कंपनीचं पेन घरी नेणाऱ्या ड्रायव्हरला सुनावलं, कॅन्टीनवाल्याला तर दोनदा सुनावलं. सगळ्या इमारतीत नकारघंटा वाजायची. विक्रीच्या मजल्यावर मात्र तिचा आवाज कधी पोचला नाही.

अशातच सगळ्या शाखांच्या कंप्लायन्सचे मुख्य निवृत्त व्हायला निघाले. ती खुर्ची मॅडमचीच, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. मॅडमनी मनातल्या मनात त्या खोलीतले पडदेसुद्धा बदलले होते. मोठ्या साहेबांनी पुन्हा बोलावलं, पुन्हा चहा मागवला.

"संचालकांची बैठक महिनाअखेरीला आहे. तुमच्या नावाला कोणाची ना नाही. फक्त तपासनिसांनी एक बारीकशी शंका काढलीय."

"कसली?"

"तुमच्या रजेची." साहेब खो खो हसले. "तुमच्याच नियमात तुम्ही सापडलात की हो!"

कंपनीचा सक्तीच्या रजेचा नियम त्यांनीच लिहिला होता. नाजूक जागेवरच्या प्रत्येक माणसानं वर्षातून एकदा सलग दोन आठवडे रजेवर जायचं. त्या काळात ऑफिसला फोन नाही, कॉम्प्युटर नाही, ग्राहकांशी संबंध नाही, आणि त्याच्या खुर्चीत दुसऱ्यानं बसायचं. कारण ज्याला काही झाकायचं असतं त्याला रोज हजर राहून झाकावं लागतं. तो दोन आठवडे दूर झाला, की झाकलेलं आपोआप वर येतं. नव्या लोकांच्या प्रशिक्षणात मॅडम हे इतकं रंगवून सांगायच्या, की कित्येकांना आपण चोर आहोत असं वाटायला लागायचं. त्यांची स्वतःची रजा मात्र दरवर्षी ‘कामाच्या व्यापामुळे पुढे ढकलण्यात येत आहे’ या एका वाक्यावर पुढे जात होती. अर्ज करणाऱ्या मॅडम आणि मंजूर करणाऱ्याही मॅडमच.

"बैठकीच्या आधी दोन आठवडे घेऊन टाका," साहेब म्हणाले. "घरी आराम करा. तुमच्या जागी ती बसेल की, तुमची ती... काय म्हणतात तिला?"

"चिमटा."

चिमटा ही मॅडमच्या हाताखालची मुलगी. मोठ्या फाइलीतली बारीकशी चूक ती दोन बोटांत धरून बाहेर काढायची, म्हणून हे नाव. तिला मॅडमनी स्वतः निवडलं होतं, स्वतः घडवलं होतं. "जे दिसेल ते लिही. समोरचा माणूस कोण आहे ते बघू नकोस," हे तिला इतक्या वेळा सांगितलं होतं, की ती ते झोपेतही म्हणून दाखवेल. तिच्याकडे जाहिराती होत्या, भेटवस्तू होत्या, कर्मचाऱ्यांचे शेअरचे व्यवहार होते. ग्राहकांच्या फाइली मात्र मॅडमनी कधी तिच्या हाती लागू दिल्या नव्हत्या. आता त्या तिच्याच पुढ्यात पडणार. ती सगळ्या परत पाठवणार, एकूण एक मोजणार, आणि वर्षानुवर्षं शून्य असलेला आकडा एकदम छताला भिडणार. मग एखादा मठ्ठ संचालकही विचारेल, की मग आजवर शून्य कसा होता? खुर्ची तर जाईलच, वर ज्या नावावर आयुष्य काढलं ते नावही जाईल.

शेवटच्या दिवशी चिमटा वही घेऊन समोर बसली.

"अजून काही सांगायचं राहिलंय का, मॅडम?"

मॅडमच्या ओठांवर आलं होतं. पण सांगितलं तर ही पोरगीही त्यात गुंतणार, आणि नाही सांगितलं तर आपण बुडणार. त्यांनी टेबलावरची टाचणी उचलून डबीत टाकली.

"जे दिसेल ते लिही," त्या म्हणाल्या.

"आणि माणूस बघायचा नाही," चिमटा म्हणाली. "माहितीये, मॅडम."

मॅडमनी फोन आणि लॅपटॉप जमा केला, पावती घेतली, आणि फासावर जाणाऱ्याला शोभेल अशा ताठ मानेनं त्या लिफ्टमध्ये शिरल्या.

घरी पहिल्याच सकाळी त्यांनी फ्रिज रिकामा केला. मुदत उलटलेल्या तीन बाटल्या पकडल्या आणि कोणी आणल्या याची चौकशी लावली. मग डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मग रात्री गॅस बंद केला की नाही ते दोघांनी बघायला हवं, एकानं बंद करायचा आणि दुसऱ्यानं तपासायचा, असं ठरवलं. सासूबाईंनी आठवडाभर मूग गिळून सोसलं. पण आपल्या औषधांच्या गोळ्या कोणीतरी मोजतंय हे लक्षात आल्यावर त्यांनी मुलाला हाक मारली.

"हिला दुकानात घेऊन जा. एका घरात हे काम करायला मी पुरेशी आहे."

मॅडमच्या नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. शांत, गोड माणूस. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवायचा आणि प्रत्येकाला "छान दिसतोय" म्हणायचा. बायको मोजायला काही शोधतेय हे ओळखून त्यानं तिच्या हाती एक मऊ फडकं दिलं आणि फ्रेमा पुसायला बसवलं.

"अहो, पण या किती आहेत याची कुठे नोंद..."

"पूस फक्त," तो म्हणाला.

त्या पुसत राहिल्या. हात फ्रेमांवर, जीव ऑफिसात. आत्ता फाइली उघडल्या असतील. आत्ता पहिली परत गेली असेल. आत्ता हसऱ्या साहेबांचे दात मिटले असतील. एवढ्यात दार उघडलं आणि कोणीतरी म्हणालं, "जवळचं दिसेनासं झालंय हो. लांबची लिफ्ट कुठल्या मजल्यावर आहे ते अजून दिसतं."

मॅडमच्या हातातली फ्रेम निसटता निसटता राहिली. त्या माणसाला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण तो आवाज त्यांनी शंभरातून ओळखला असता. लिफ्टवाले आजोबा! आणि रजेच्या काळात ग्राहकाशी बोलायचं नाही, हा नियम. शिवाय तोंडातून एक शब्द निघाला असता, तर आजोबांनीही आवाज ओळखला असता. मॅडमनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"बाई, जरा आरसा देता?" आजोबा म्हणाले.

मॅडमनी आरसा दिला.

"ही फ्रेम बरी दिसते का?"

मॅडमनी मान हलवली.

आजोबा नवऱ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "यांना बोलता येत नाही का?"

"माझी बायको आहे," नवरा बुचकळ्यात पडून म्हणाला. "बोलते. एरवी बरंच बोलते." त्यानं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी डोळे वटारले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याला एवढं पुरतं. तो काचा शोधायला वळला.

"चष्मा आता लागतोच," आजोबा सांगत होते. "त्या गुंतवणुकीच्या कंपनीचे कागद एवढ्या बारीक अक्षरात असतात! बरं, त्यांची एक बाई आहे, फोन करून सगळं समजावते. या खेपेला मात्र दुसऱ्याच बाईचा फोन आला. तरुण आवाज. मला वाटलं कोणी फसवतंय. पण प्रश्न अगदी तेच, त्याच क्रमानं. वेळही तीच, जेवणाची. आणि ठेवताना काय म्हणाली माहितीये? समजलं नसेल तर सरळ नाही म्हणा, लाजू नका. मग माझी खात्री पटली, की ही त्याच बाईंची माणूस."

मॅडम स्टुलावर बसल्या. चिमट्याचं टेबल त्यांच्या दाराबाहेरच होतं आणि मधली भिंत पातळ प्लायवूडची होती. म्हणजे इतकी वर्षं ती पोरगी जेवायला खाली गेलीच नव्हती. तिनं सगळं ऐकलं होतं. आणि आता काहीही न लिहिता, काहीही न मोजता, ती मॅडमचं काम मॅडमसारखंच करत होती. मॅडमचा जीव भांड्यात पडला. काहीच वर येणार नव्हतं! आनंदानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि नवऱ्यानं विचारलं तर काचेवरचा फवारा डोळ्यात गेला म्हणून त्यांनी सांगितलं.

घरी जाताना मात्र त्यांना राग आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना. जिला ‘माणूस बघू नकोस’ म्हणून शिकवलं, तिनं माणूस बघितला होता. आपल्याला वाचवायला ती खोटी झाली होती. अख्ख्या कंपनीत एकच सरळ मुलगी मॅडमनी तयार केली होती आणि तिलाही त्यांनीच वाकवलं होतं, तेही ताकास तूर लागू न देता, नुसत्या दाराआडून.

दोन आठवडे संपले. मॅडम परतल्या तेव्हा त्यांचं टेबल होतं तसं होतं. टाचण्यांची डबीसुद्धा जागची हलली नव्हती. चिमटा उभी राहिली. जरा वाळल्यासारखी दिसत होती.

"काही सापडलं?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही, मॅडम."

"फाइली?"

"सगळ्या स्वच्छ होत्या."

पापणी लवली नाही तिची. मॅडमना विचारायचं होतं, तुला कधीपासून माहीत होतं? कशासाठी केलंस हे? पण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळालं असतं तर ते लिहावं लागलं असतं.

"छान," त्या म्हणाल्या.

संचालकांच्या बैठकीत मोठ्या साहेबांनी भाषण ठोकलं. "झाकलेलं रजेत उघडं पडतं, हे मॅडमच आपल्याला शिकवतात. या खेपेला त्या स्वतः रजेवर गेल्या. आणि काय उघडं पडलं? काही म्हणजे काही नाही! याला म्हणतात चारित्र्य." टाळ्या कडाडल्या. सगळ्यात जोरात हसरे साहेब वाजवत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमच्या नव्या खोलीत चॉकलेटचा भला थोरला डबा पाठवला. कर्मचाऱ्यानं कर्मचाऱ्याला दिलेल्या भेटीला नियम लागू होत नाही. तो नियम लिहिताना मॅडमच्या ते ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी डबा कपाटावर ठेवला.

नवी खोली सर्वात वरच्या मजल्यावर होती. दोन खिडक्या, जाड भिंती, दार लावलं की बाहेरचं चिटपाखरू ऐकू येऊ नये अशी. खालची जुनी खोली चिमट्याला मिळाली होती. महिन्याभरानं एका दुपारी ती एक अर्ज घेऊन वर आली.

"माझी जागाही आता नाजूक धरली जाते, मॅडम. त्यामुळे सक्तीची रजा मलाही लागू झालीय."

"मग जा की. चार दिवस झोप काढ."

"हो." चिमट्यानं कागद टेबलावर सरकवला. "पण सध्या जमेलसं वाटत नाही. सहीसाठी ठेवून जाते. घाई नाही."

ती गेल्यावर मॅडमनी कागद उचलला. ‘कामाच्या व्यापामुळे रजा पुढे ढकलण्यात यावी.’ वाक्य त्यांचंच होतं. नाही म्हटलं, तर चिमटा रजेवर जाईल, तिच्या खुर्चीत तिसरंच कोणी बसेल, आणि फाइली बोलू लागतील. मग दोघीही बुडतील, हसरे साहेब हात वर करतील आणि मोठे साहेब म्हणतील, मला कल्पनाच नव्हती. हो म्हटलं, तर ही पोरगी यापुढे प्रत्येक दुपारी दार लोटून उपाशी बसेल. कुठवर, ते मॅडमना चांगलं माहीत होतं. वरच्या मजल्यावर यायला त्यांना स्वतःला किती वर्षं लागली होती!

जेवणाची सुट्टी अर्धी सरली. मॅडमचा हात सवयीनं फोनकडे गेला. एक नंबर त्यांना तोंडपाठ होता.

"कोण?" लिफ्टवाले आजोबा म्हणाले.

"मी, कंपनीतून. पूर्वी फोन करायचे ती."

"अरे, जुन्या बाई! होतात कुठे?"

"मला बढती मिळाली, आजोबा."

"वा! कितव्या मजल्यावर?"

"सगळ्यात वरच्या."

"म्हणजे आता फोन करायला लागत नाही तुम्हाला."

"नाही."

"मग कशाला केलात?"

"सहज. कागद नीट समजले का विचारावं म्हटलं."

"समजले की. आत्ताच त्या नव्या बाईनं फोन ठेवला. गुणाची पोर आहे, तुमच्यापेक्षा सावकाश बोलते. पण जेवत नाही हो वेळेवर. मी रागावलो तिला आज. पण तुमचा आवाज का असा येतोय? काही अडलंय का?"

"एक सही करायचीय."

"पटत नाहीये?"

मॅडमनी कागदावरचं ते वाक्य पुन्हा वाचलं.

"मग सरळ नाही म्हणा, बाई. त्यात काय लाजायचं? तुम्हीच तर सांगायचात मला."

"हो," मॅडम म्हणाल्या. "हो, आजोबा."

त्यांनी फोन ठेवला, पेनचं टोपण काढलं आणि अर्जावर ‘मंजूर’ लिहून खाली सही केली.